शहादा-नंदुरबार पट्ट्यातली पपईची रोपं: कोणती घ्यावी, कोणती परत करावी

शहादा, तळोदा, नंदुरबार, शिरपूर या पट्ट्यात पपईची मुख्य लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यामुळे रोपांचं बुकिंग त्याच्या महिना-दीड महिना आधीच उरकलेलं असतं. त्या वेळी नर्सरीत विचारलं तर सगळी रोपं ‘७८६’ची, म्हणजे रेड लेडी ७८६ या वाणाचीच असतात. ट्रे तसाच, पानं तशीच, उंचीही तेवढीच. पण या एका नावाखाली तीन वेगळ्या प्रतीचा माल विकला जातो. एक, कंपनीच्या सीलबंद पाकिटातल्या बियांची रोपं. दोन, गेल्या वर्षीच्या बागेतल्या पिकल्या फळांतून काढलेल्या बियांची रोपं. तीन, या दोन्हींची भेसळ. पैसे मोजताना तिन्ही सारखी दिसतात आणि जूनमध्ये फुलं लागली की वेगळी निघतात. तोवर ठिबक, मल्चिंग पेपर, शेणखत, मजुरी असा सगळा खर्च रानात गेलेला असतो. म्हणून रोप हातात असतानाच त्याची परीक्षा कशी करायची, हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मूळ वाणाबद्दल. रेड लेडी ७८६ हा तैवानच्या नोन-यू सीड कंपनीचा एफ-वन, म्हणजे दोन पालक वाणांच्या संकराची पहिली पिढी असलेला वाण आहे. कंपनी सांगते ते असं: ६० ते ८० सेंटिमीटर उंचीवर पहिली फळं, एका बहारात झाडाला ३० किंवा जास्त फळं, फळ दीड ते दोन किलो, गर लाल, गोडी १३ टक्के आणि रिंगस्पॉट या पपईच्या व्हायरस रोगाला सहनशील. यातली पहिली फळं लागण्याची उंची, गराचा रंग आणि वाहतुकीत टिकणारं फळ या तीन गोष्टींवर हा वाण खानदेशात उभा आहे, कारण इथला माल ट्रकने उत्तरेकडच्या बाजारांत जातो. ‘सहनशील’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट घ्यावा. झाडाला व्हायरस होत नाही असं त्यात म्हटलेलं नाही. झाला तरी ते काही काळ फळ देत राहतं, एवढंच. पाकीट म्हणून हा माल चांगला आहे. तक्रारी सुरू होतात त्या पाकीट फुटून त्याचं रोप होईपर्यंतच्या वाटेवर.

सगळ्यात मोठी फसवणूक लिंगाच्या नावावर होते, म्हणून तेवढं शास्त्र समजून घेतलंच पाहिजे. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात. मादीत दोन एक्स गुणसूत्रं, नरात एक एक्स आणि एक वाय, आणि उभयलिंगीत एक एक्स आणि थोडा वेगळा वाय. कोणत्याही प्रकारचे दोन वाय एकाच बीत एकत्र आले तर तो गर्भ मरतो. याचा सरळ अर्थ असा, की उभयलिंगी झाड कधीच शुद्ध होऊ शकत नाही; त्याच्यात मादीचा एक्स असतोच आणि पुढच्या पिढीत तो मादी झाडं देणारच. उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाने फळ धरलं तर बियांतून दोन उभयलिंगीमागे एक मादी निघते. मादीवर उभयलिंगीचा पराग पडला तर निम्मी-निम्मी. 

म्हणून “आमच्या रोपांत शंभर टक्के लांब फळाची झाडं” असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. लांबट फळ उभयलिंगी झाडावर येतं आणि गोलसर फळ मादीवर. बियांपासून केलेल्या रोपांत मादी झाडं निघणारच, अस्सल पाकिटातूनही निघणार. रोपाच्या पानावरून, देठावरून किंवा मुळावरून लिंग ओळखतो असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. फुलं येण्याआधी लिंग ओळखायचं तर पानातला डीएनए काढून प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. याउलट “नर निघणार नाही” हे वचन या वाणाबाबत रास्त आहे. रेड लेडीत फक्त मादी आणि उभयलिंगी झाडं असतात, त्यामुळे पुढच्या पिढीत नराचा वाय येण्याला मार्गच नाही.

मग नर येतो कुठून? बांधावर, गावठाणात किंवा शेजारच्या जुन्या देशी बागेत एखादं नर झाड असतं आणि त्याचा पराग किडे आणि वारा घेऊन येतात. अशा बागेतल्या मादी झाडाच्या फळात नराचा पराग गेला तर त्या बियांतून निम्मे नर निघतात. उभयलिंगीच्या फळात गेला तर तिसरा हिस्सा. याचा अर्थ स्पष्ट आहे: बागेत नर दिसला तर बी सीलबंद पाकिटातलं नव्हतं, किंवा त्यात बाहेरचं बी मिसळलं होतं. हवामानाने, खताने किंवा पाण्याने मादी झाडाचा नर होत नाही.

इथे एक उलटा गैरसमजही आहे आणि तो जास्त घातक आहे. “बघा, एकही नर नाही, म्हणजे बी ओरिजिनल” असं नर्सरीवाले सांगतात. ते सिद्ध होत नाही. रेड लेडीच्या आडबाजूच्या बागेतून, जिथे जवळपास नर नाही, फळं आणून बी काढलं तरी त्या रोपांत नर निघणार नाहीत. पण ती झाडं रेड लेडीही नसतील. एफ-वनची झाडं एकसारखी असतात, कारण त्यांचे दोन्ही पालक स्थिर केलेले असतात. एफ-वनच्या फळातलं प्रत्येक बी मात्र त्या दोन पालकांचे गुण वेगळ्या वाटणीने घेतं. एक झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर फळ धरतं, शेजारचं छातीएवढ्या उंचीवर. एकाचं फळ दोन किलोचं, दुसऱ्याचं सातशे ग्रॅमचं. कुठे गर फिकट, कुठे साल मऊ. व्हायरस सहन करण्याची ताकदही अशीच विखुरते.

आणि ज्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं ते म्हणजे उभयलिंगी फुलाचं स्थैर्य. उभयलिंगी झाड मुळातच चंचल असतं. उन्हाच्या तडाख्यात, त्यातही पाण्याचा ताण पडला तर, त्याच्या फुलातलं अंडाशय खुरटतं. फूल दिसतं, पण ते नर फुलासारखं वागतं आणि गळून पडतं. गार हवेत, भरपूर नत्र आणि ओल असताना याच्या उलट होतं: पुंकेसर अंडाशयाला चिकटून त्यांचेही कप्पे होतात आणि फळ खोबणी पडलेलं, वेडंवाकडं निघतं. असा माल व्यापारी बाजूला काढतो. ही चंचलता किती असावी हे वाणावर अवलंबून असतं, आणि चांगला पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तीच कमी करत आणतो. दुसऱ्या पिढीच्या बियांत ती निवड मोडते. काही झाडं उन्हाळ्यात थोडीच फुलं गाळतात, तर काही दोन-तीन महिने एकही फळ धरत नाहीत. मेमध्ये पारा ४३-४५ अंशांवर जाणाऱ्या आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याच्या थंडीच्या या मुलखात अस्थिर बियांचा फटका सर्वांत मोठा बसतो. हेच बी सौम्य हवामानाच्या भागात कदाचित निभावून गेलं असतं.

आता बागेत उभं राहून निदान कसं करायचं ते. लागवडीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी फुलं दिसू लागतात. मादीचं फूल पानाच्या बेचक्यात, आखूड देठावर, बुडाशी फुगीर असतं. पाकळ्या तळापर्यंत सुट्या आणि आत पुंकेसर नाहीत. उभयलिंगीची कळी लांबट असते. पाकळ्या खालच्या बाजूला जुळून नळी झालेली, आत बारीक लांब अंडाशय आणि भोवती सहसा दहा पुंकेसर. नर झाडाला लांब लोंबता फुलोरा असतो, त्यावर बारीक नळीदार फुलांचे झुबके. तो दहा पावलांवरूनही ओळखू येतो. कळी शंका देत असेल तर ब्लेडने उभी चिरून बघावी.

कडेच्या ओळी सोडून बागेच्या चार-पाच ठिकाणच्या मिळून १०० झाडांची मोजणी करा. निम्म्या-निम्म्या प्रमाणाचं बी असेल तर उभयलिंगी ४० ते ६० च्या दरम्यान निघतील, दोनास एक प्रमाणाचं असेल तर साधारण ५७ ते ७६. म्हणजे शंभरात ४५ मादी निघाल्या म्हणून बी वाईट ठरत नाही. तो केवळ संख्येचा खेळ आहे. नर मात्र शून्य असायला हवेत. एखादा निघाला तर ट्रे बदलल्याची शक्यता धरता येईल. पाच किंवा जास्त निघाले तर भेसळ निश्चित समजा. मोजतानाच पहिल्या फुलाची जमिनीपासूनची उंची टेपने घ्या आणि पानांच्या देठांचा रंग लिहून ठेवा. एकाच ओळीत काही झाडांचे देठ जांभळट आणि बाकीच्यांचे हिरवे असतील, किंवा पहिल्या फुलाच्या उंचीत दुपटीचा फरक असेल, तर वाण एक नाही.

फळ न धरण्याचं खापर बियांवर फोडण्याआधी खोड बघा. हवामानाने फुलगळ झाली असेल तर सगळ्या उभयलिंगी झाडांच्या खोडावर एकाच उंचीला रिकामा पट्टा दिसतो, आणि त्याच ओळीतल्या मादी झाडांवर त्या उंचीला फळं असतात. हा दोष नर्सरीचा नाही. मेमधली उन्हाची तिरीप आणि पाण्यातला खंड यांचा आहे. पट्टे वेगवेगळ्या उंचीवर, काही झाडांवर हातभर आणि काहींवर अजिबात नाही, असं असेल तर मात्र बियांकडे बोट दाखवता येतं. व्हायरसचंही तसंच. रिंगस्पॉट बियांतून येत नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर काही सेकंदांत नेतो. बोकड्यासारखी आखडलेली पानं पांढऱ्या माशीमुळे होतात. म्हणून “बी व्हायरसचं होतं” ही तक्रार टिकत नाही. “रोप नर्सरीतूनच व्हायरस घेऊन आलं” ही टिकू शकते, पण त्यासाठी रोपं उतरवतानाच फोटो हवेत: पानावर हिरवे-पिवळे चट्टे, देठावर आणि कोवळ्या खोडावर तेलकट रेघा.

नर्सरीत पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न दराचा विचारू नये. रोपांसाठी वापरलेली रिकामी पाकिटं आणि त्यांचं खरेदीचं पक्कं बिल मागावं. त्यावरून हिशेब करता येतो. पपईच्या एका ग्रॅममध्ये साधारण ६० बिया बसतात आणि उगवण ८५ टक्के धरली तर १०,००० रोपांसाठी जवळपास २०० ग्रॅम बी लागतं. ज्याने हंगामात लाखभर रोपं विकली, त्याच्याकडे दोन किलोच्या आसपास बी घेतल्याची बिलं असायला हवीत. चार पाकिटं दाखवून “सगळं यातलंच” म्हणत असेल तर तिथून निघावं. लेबलवर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत, उगवण आणि आनुवंशिक शुद्धता हे सगळं छापलेलं असतं. पहिली मुदत तपासणीपासून नऊ महिन्यांची असते. लॉट नंबर आपल्या पावतीवर लिहून घ्या. जो नर्सरीवाला हे करायला तयार होतो तो सहसा बाकीच्या बाबतीतही सरळ असतो. हा आमचा ठाम अनुभव आहे. कच्च्या चिठ्ठीवर दोन-तीन रुपये स्वस्त रोप घेणं हा सौदा नाही. आठ बाय सहा फुटांवर एकरी ९०७ झाडं बसतात. रोपामागे तीन रुपये वाचले तरी एकरी २,७०० रुपयेच वाचतात. शंभरात दहा नर निघाले तर ९० झाडं उपटावी लागतात. झाडामागे ३० किलो आणि किलोला ८ रुपये धरले, तरी २१,६०० रुपये गेले. शिवाय त्या जागी नवं रोप लावून उपयोग होत नाही, कारण भोवतीच्या झाडांच्या सावलीत ते वर येत नाही.

रोपाच्या तब्येतीबद्दल थोडक्यात. ४० ते ४५ दिवसांचं, १५ ते २० सेंटिमीटर उंचीचं, खोड हिरवं आणि जाड असलेलं रोप घ्या. ट्रेमधून एक रोप ओढून मुळं बघा. पांढरी आणि कोकोपीटला धरून असलेली हवीत. तळाशी गोल फिरून तपकिरी झाली असतील तर रोप जुनं आहे आणि त्याचं सोटमूळ पुढे खाली जाणार नाही. नर्सरीला चारही बाजूंनी कीटकरोधक जाळी आणि दोन दारं हवीत. नुसती हिरवी शेडनेट माव्याला अडवत नाही. जानेवारीच्या थंडीत पपई उशिरा आणि मागेपुढे उगवते, त्यामुळे एकाच ट्रेमध्ये बोटभर आणि वीतभर अशी रोपं असतील तर तेवढ्यावरून बी खराब ठरवू नका, पण बारकी रोपं निवडून काढायला लावा.

घरी रोपं करणं हा आमच्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, निदान दोन-तीन एकरांपर्यंत. एकरी सांधणीसकट १,२०० बिया म्हणजे सुमारे २० ग्रॅम पुरतात. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, निर्जंतुक कोकोपीटच्या ट्रेमध्ये एका कप्प्यात एक, एक सेंटिमीटर खोल टाकावं. २५ ते ३० अंश ऊब असेल तर दोन-तीन आठवड्यांत उगवण पूर्ण होते. थंडीत ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकले तर ऊब टिकते, फक्त पहिला कोंब दिसताच ते वेगळे करायचे. पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी सडून कोलमडतात. हे नुकसान नेहमीचं आहे आणि ते बियांमुळे नाही, पाण्याच्या झारीमुळे होतं. पाकिटातल्या बियांना औषध लावलेलं असतं, ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

ज्यांना दर वर्षी परदेशी संकरित बी घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का प्रभात हा वाण विचार करण्यासारखा आहे. तो नर न देणारा आहे, फळ साधारण ९०० ग्रॅम ते १२०० ग्रॅमचं, गर गडद गुलाबी आणि गोडी रेड लेडीच्या तोडीची. तो पुढच्या पिढ्यांत स्थिर केलेला असल्याने, उभयलिंगी फुलाला उमलण्याआधी कागदी पिशवी बांधून धरलेल्या फळातून घरचं बीही ठेवता येतं. अडचण बाजाराची आहे: मोठ्या फळाला सरावलेला व्यापारी लहान फळाला लगेच हात घालत नाही. आधी विक्री ठरवा, मग लावा. पुसा ड्वार्फ, को-५, वॉशिंग्टन हे नर-मादी वेगळे असणारे वाण आहेत. त्यांत एका खड्ड्यात तीन रोपं लावून, फुलं आल्यावर दहा माद्यांमागे एक नर ठेवून बाकीचे काढायचे असतात. ‘नर निघणार नाही’ म्हणून यांचं रोप कुणी देत असेल तर त्याला वाणाची माहितीच नाही.

तैवानसारख्या ठिकाणी फक्त लांब फळ हवं म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावून उभयलिंगी तेवढं ठेवतात. इथे दोन लावली तर निम्म्या प्रमाणाच्या बियांत ७५ टक्के खड्ड्यांत उभयलिंगी मिळेल, तीन लावली तर ८७ टक्के. रोपांचा खर्च तिप्पट होतो. व्यापारी गोल फळ वेगळ्या दराने मोजत असेल तरच हे परवडतं, नाही तर उगाच करू नये. मादी झाड ऊन-थंडीत लिंग बदलत नाही आणि खानदेशातल्या उन्हात तेच जास्त नेमाने फळतं.

नर झाडाला मादी करणारं औषध म्हणून दुकानांत बाटल्या मिळतात, खोडात खिळा ठोकायलाही सांगतात. त्यावर पैसे घालू नका. नर कायम नर राहतो. गार हवेत लांब देठाला एखादं फळ धरतं, त्याला कुणी गिऱ्हाईक नसतं.

फसवणूक झालीच तर वेळ फार महत्त्वाची आहे. १०० झाडांच्या मोजणीचा कागद, फुलांचे जवळून काढलेले फोटो, पावती, लॉट नंबर आणि सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या; बियाणे तक्रार निवारण समितीने शेतात येऊन पंचनामा करावा असं त्या अर्जात स्पष्ट मागा. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे, त्यामुळे नर्सरीचा परवाना क्रमांकही विचारा. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकलं म्हणून त्याच्याकडे नमुना नसला तरी त्याची तक्रार त्या कारणाने फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण नर झाडं उपटली आणि बहार संपून बाग काढून टाकली की दाखवायला काही उरत नाही, म्हणून मोजणी आणि पंचनामा फुलं दिसतात त्याच पंधरवड्यात करून घ्या, आणि तोवर एकही झाड तोडू नका.